शिक्का कोणाचा, कशाचा, कुठवरचा?

घर बांधायला काढले की सिमेंटच्या दुकानापासून रंगाच्या दुकानापर्यंत हिरवे पान पाठ सोडत नाही. पोत्यावर पान, फरशीच्या खोक्यावर पृथ्वीचा गोल, रंगाच्या डब्यावर 'इको', पाण्याच्या टाकीवर 'ग्रीन', आणि माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर ओळीने मांडलेले सात-आठ शिक्के. परभणी जिल्ह्यात बहुतेक घरे शेतीचा पैसा, नोकरीतली शिल्लक आणि थोडे कर्ज यांच्या बळावर उभी राहतात. सुगी आटोपल्यावर पाया खोदायचा आणि पावसाळ्याच्या आत स्लॅब टाकायचा, अशी घाई असते. त्या घाईत हे शिक्के एकतर डोळे झाकून मानले जातात, नाहीतर 'सगळी जाहिरातबाजी' म्हणून झटकले जातात. दोन्हींत नुकसान घर बांधणाऱ्याचेच होते. प्रत्येक शिक्का कुणीतरी विचारलेल्या एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर असतो आणि त्या प्रश्नापलीकडे तो काहीही सांगत नाही. म्हणून आधी आपला प्रश्न कोणता हे ठरवावे आणि मग त्याचे उत्तर देणारा शिक्का शोधावा. परभणीपुरते बोलायचे तर मोठे प्रश्न चार आहेत: एप्रिल-मे महिन्यांतले ऊन, बांधकामाला लागणारे पाणी, फुगणारी-आकसणारी काळी जमीन आणि शेजारी परळीच्या औष्णिक वीज केंद्रात साठणारी राख. या चार प्रश्नांसमोर शिक्के धरून पाहिले की लहान घराला सर्वांत जास्त उपयोगी पडणाऱ्या खुणा हिरव्या पानाच्या नसतात, हे लगेच ध्यानात येते.

पहिला गोंधळ शिक्का कशाला मिळाला आहे याचा असतो. कंपनीला, मालाला आणि इमारतीला मिळणारी प्रमाणपत्रे वेगवेगळी आहेत, आणि विक्रीच्या बोलण्यात ती हटकून एकमेकांत मिसळली जातात. 'आयएसओ ९००१' म्हणजे कारखान्याचे कामकाज ठरलेल्या पद्धतीने चालते, 'आयएसओ १४००१' म्हणजे पर्यावरणाबाबत कारखान्याने काही व्यवस्था लावून घेतली आहे. दोन्ही प्रमाणपत्रे कारभाराची आहेत. त्या कारखान्यातली वीट मजबूत आहे की नाही, भिंतीतून उष्णता किती शिरेल, याबद्दल त्यांत अक्षरही नसते. शिवाय आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते काम त्रयस्थ तपासणी संस्था करतात, म्हणून 'आयएसओकडून मंजूर' असे कुणी म्हटले तर तिथेच थांबून तपासणी संस्थेचे नाव विचारावे. याच्या उलट टोकाला इमारतीची मानांकने आहेत. अमेरिकेतील ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचे 'लीड', भारतीय उद्योग महासंघाच्या छत्राखाली २००१ मध्ये सुरू झालेल्या इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची म्हणजे आयजीबीसीची मानांकने, आणि 'टेरी' संस्थेने केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाबरोबर घडवलेले 'ग्रिहा' ही त्यांतली आपल्याकडची मुख्य नावे. ही तिन्ही इमारतीला गुण देतात. 'लीड प्रमाणित फरशी' अशी वस्तू अस्तित्वातच नाही. फार तर अमुक फरशी वापरली तर इमारतीला एखादा गुण मिळायला हातभार लागतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि प्रमाणित माल वापरला म्हणून घर आपोआप प्रमाणित होत नाही, हेही तितकेच खरे.

या दोहोंच्या मधे खुद्द मालाची प्रमाणपत्रे येतात आणि त्यांचेही तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात त्रयस्थ संस्था आधीच निकष जाहीर करते आणि त्या निकषांत बसणाऱ्या मालाला चिन्ह देते. आयजीबीसीच्याच घरातले 'ग्रीनप्रो' हे चिन्ह या प्रकारातले असून सिमेंट, रंग, ब्लॉक, काच अशा पुष्कळ मालाला ते मिळते. त्याची यादी पाहता येते, त्याला मुदत असते, आणि ते विशिष्ट कारखान्यातून निघणाऱ्या विशिष्ट मालाला मिळालेले असते. एका कंपनीच्या एका सिमेंटला चिन्ह आहे म्हणून तिच्या सगळ्या पोत्यांना ते लागू होत नाही. केंद्र सरकारचे मडक्याचे चिन्ह असलेले 'इकोमार्क' १९९१ पासून आहे. वर्षानुवर्षे ते फारसे कुणी घेतले नाही, आणि २०२४ मध्ये नव्या नियमांनी त्याला पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न झाला. दुसऱ्या प्रकारात उत्पादक स्वतःच स्वतःबद्दल सांगतो: 'पुनर्वापरातील माल वापरलेला', 'पर्यावरणस्नेही'. हे खोटेच असते असे नाही, पण त्यामागे पुरावा मागायचा हक्क आपला आहे. तिसरा प्रकार म्हणजे ईपीडी, अर्थात मालाच्या जन्मापासूनचा पर्यावरणीय हिशेब: एक टन मालामागे किती कार्बन, किती ऊर्जा, किती पाणी. ईपीडी माल चांगला की वाईट हे ठरवत नाही, ती फक्त आकडे मांडते. जास्त प्रदूषण करणारा कारखानाही ईपीडी काढू शकतो. 'आमच्याकडे ईपीडी आहे' हे वाक्य म्हणजे फक्त 'आम्ही मोजले आहे' एवढेच. किती निघाले, हा पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय त्याला किंमत नाही.

आता पायाकडे येऊ, कारण हिरव्या चिन्हांच्या खाली एक कायद्याची पायरी आहे आणि लहान घरांची फसवणूक सहसा तिथेच होते. सिमेंट आणि सळई यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असायला हवा. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोफत ॲपवर तो क्रमांक टाकला की परवाना कुणाचा, कोणत्या मालाचा आणि चालू आहे की नाही हे दुकानात उभ्या-उभ्या कळते. सळईचा क्रमांक १७८६, राखमिश्रित सिमेंटचा १४८९, सळईचे वजन आणि लांबी मोजून घ्यायची ती वेगळी. रंगांचेही तसेच. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाखात ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. म्हणजे 'शिसेमुक्त' असे मोठ्या अक्षरांत छापणारा डबा विशेष काही देत नाही, कायद्याने जे द्यायलाच हवे तेच देतो. त्यापुढे जाऊन रंगातून हवेत उडणारी रसायने किती कमी आहेत, याचा आकडा ग्रॅम प्रति लिटरमध्ये डब्यावर किंवा तांत्रिक पत्रकात असेल तर तो खरा फरक. छताच्या पंख्यांवर जानेवारी २०२३ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे सक्तीचे झाले आहेत. जुन्या धाटणीचा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉट खातो, तर पाच तारे मिळवणारा नवा बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस. परभणीत पंखा वर्षातले अडीचशे दिवस, दिवसाला बारा तास फिरतो असे धरले तर एका पंख्यामागे वर्षाला सव्वाशे युनिटांच्या आसपास वीज वाचते. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, म्हणून लेबलवर छापलेला कालावधीही पाहावा. जुन्या निकषांचे पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नसतात.

सिमेंटच्या बाबतीत परभणी जिल्हा एका वेगळ्या जागी आहे. गंगाखेडहून परळी तीसेक किलोमीटरवर, परभणी शहराहून साठ-पासष्ट. तिथले औष्णिक वीज केंद्र १९७१ पासून कोळसा जाळत आहे आणि भारतीय कोळशात राखेचे प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्के असते. त्या केंद्राला लागणारे पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून जाते. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून सगळे संच बंद ठेवावे लागले होते. म्हणजे आपल्या नदीच्या पाण्यावर तयार झालेली राख आपल्याच शेजारी साठते. ही राख कुठेतरी तळ्यात टाकून देण्यापेक्षा भिंतीत आणि स्लॅबमध्ये जावी, हा विचार केंद्र सरकारने १९९९ मध्ये कायद्यात आणला. आधी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या टापूत, मग १००, आणि २०१६ पासून ३०० किलोमीटरच्या टापूत बांधकामासाठी राखेच्या वस्तू वापरण्याचे बंधन आले. राखेचे सिमेंट, म्हणजे पीपीसी, यात मानकानुसार १५ ते ३५ टक्के राख चालते. सिमेंटमधला खरा कार्बन क्लिंकर भाजताना निघतो: चुनखडी फुटून बाहेर पडणारा वायू वेगळा आणि भट्टीला लागणारा कोळसा वेगळा. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. पोत्यात राख जितकी, क्लिंकर तितका कमी. त्यामुळे साध्या घरासाठी पोत्यावरचे 'पोर्टलँड पोझोलाना सिमेंट' हे शब्द आणि १४८९ हा क्रमांक हीच सर्वांत मोठी हिरवी खूण आहे. तिच्यावर पानाचे चित्र असो वा नसो.

पण इथेच प्रमाणपत्राची मर्यादाही उघडी पडते. राखेचे सिमेंट ताकद हळूहळू धरते आणि त्याला पाणी जास्त दिवस मारावे लागते. काँक्रीटचे भारतीय मानक ४५६ सांगते की साध्या सिमेंटला किमान सात दिवस, मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस काँक्रीट सतत ओले ठेवावे. हवा उष्ण आणि कोरडी असेल तर मिश्र सिमेंटला चौदा दिवसांची शिफारस आहे. आपल्याकडे स्लॅब पडतात ते नेमके मार्च ते मे या महिन्यांत, विहिरी तळाला गेलेल्या असताना आणि टँकरचा भाव चढलेला असताना. मिस्त्री पाचव्या दिवशी पाणी मारणे थांबवतो, सेंट्रिंगवाला फळ्या दुसऱ्या कामावर न्यायची घाई करतो, आणि भेगा पडल्या की दोष पोत्यातल्या राखेला दिला जातो. 'पीपीसी कच्चे असते' ही समजूत अशीच रुजली. दोष सिमेंटचा नसून वेळापत्रकाचा आहे. जमले तर स्लॅब डिसेंबर-जानेवारीत घ्यावा. न जमल्यास गच्चीवर सिमेंट-वाळूचे वाफे करून पाणी साठवावे आणि खांबांना ओले गोणपाट गुंडाळून ठेवावे. पाईपने दिवसातून तीनदा शिंपडण्यापेक्षा यात पाणी कमी लागते. चौदा दिवसांचे पाणी कुठून येणार, हे सिमेंट घेण्याआधी ठरवले नसेल तर कोणताही शिक्का त्या स्लॅबला वाचवू शकत नाही.

विटांकडे वळले की चित्र आणखी गुंतते. लाल भाजकी वीट, राखेची वीट आणि एएसी म्हणजे हलक्या वजनाचा पांढरा ब्लॉक, असे तीन पर्याय सध्या समोर असतात. लाल विटेसाठी नदीकाठची गाळाची सुपीक माती जाते आणि भट्टीचा धूर होतो. राखेची वीट भाजावी लागत नाही, तिला सिमेंट किंवा चुना आणि पाणी लागते. एएसी ब्लॉक उष्णता अडवण्यात दोघींच्या फार पुढे आहे, लाल विटेच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच उष्णता त्यातून वाहते, आणि वजनही तसेच कमी. पश्चिमेकडच्या भिंतीला, जिथे दुपारनंतरचे ऊन थेट बसते, तिथे त्याचा फायदा सरळ जाणवतो. मात्र हा ब्लॉक मोठ्या कारखान्यात वाफेच्या दाबाखाली तयार होतो, बऱ्याचदा दोनशे-तीनशे किलोमीटरवरून ट्रकने येतो, आणि काळ्या जमिनीत पाया जरा हलला की त्याच्या भिंतीला तडे लवकर दिसतात. मुरूम लागेपर्यंत पाया नेलेला नसेल, जोत्याचा आणि खिडकीवरचा पट्टा बांधलेला नसेल, खांब आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी लावून गिलावा केलेला नसेल, तर ग्रीनप्रो मिळालेला ब्लॉकसुद्धा दोन पावसाळ्यांत फाटतो. ग्रीनप्रोच्या तपासनिसाने परभणीची काळी माती पाहिलेली नसते, आणि ते त्याचे कामही नव्हे. दूरचा प्रमाणित ब्लॉक की जवळची बिनशिक्क्याची राखेची वीट, असा पेच पडला तर एका मजल्याच्या घरासाठी जवळची वीट घ्यावी, पश्चिमेची एक भिंत जाड करावी किंवा तिच्यावर सावली धरावी, आणि वाचलेला पैसा छतावर घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिनशिक्क्याची वीट घ्या म्हणणे धोक्याचे वाटेल आणि ती शंका रास्त आहे. गंगाखेड-परभणी रस्त्यावर चार यंत्रे टाकून राखेच्या विटा पाडणारा छोटा उद्योजक त्रयस्थ चिन्हाचा खर्च पेलू शकत नाही. तपासणीची फी, कागदपत्रे, दर मुदतीला नूतनीकरण, हे सगळे मोठ्या कारखान्याच्या मापाने बेतलेले आहे. त्यामुळे शिक्का नसणे म्हणजे माल वाईट, असा निष्कर्ष काढला तर आपण गावातला रोजगार मारून लांबचा ट्रक बोलावतो. पण शिक्का नाही म्हणून विश्वासावर घ्या, असेही नाही. मानकातली कसोटीच आपण लावू शकतो. सुकलेली वीट तोलून चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवायची आणि पुन्हा तोलायची; वजन वीस टक्क्यांपर्यंत वाढले तर चालते, त्यापुढे गेले तर वीट परत करायची. राखेच्या आणि भाजक्या, दोन्ही विटांच्या नेहमीच्या वर्गांना हीच मर्यादा आहे. दोन विटा एकमेकींवर मारून नाद ऐकणे आणि कोपरा नखाने खरवडून पाहणे हे गवंडी करतातच. दाबाची ताकद मात्र हाताने कळत नाही. त्यासाठी विक्रेत्याकडून अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा शासकीय प्रयोगशाळेच्या चाचणीचा अहवाल मागावा आणि त्यावरची तारीख पाहावी, कारण तीन वर्षांपूर्वीच्या राखेचा अहवाल आजच्या विटेला लागू होत नाही. राखेत जड धातू असतात, मग अशा विटांच्या घरात राहणे बरे का, हा प्रश्नही विचारला जातो. राखेत शिसे, आर्सेनिक यांचे अंश असतात हे खरे आहे, पण सिमेंटबरोबर घट्ट झाल्यावर ते बांधले जातात. खरा त्रास कोरड्या, उडणाऱ्या राखेचा आहे आणि तो परळीच्या आसपासची गावे सोसत आहेत. म्हणून वीटवाल्याला एक प्रश्न कोणत्याही शिक्क्यापेक्षा मोलाचा: राख ताडपत्रीखाली, ओली करून येते का, आणि कामगारांच्या तोंडाला मास्क असतो का?

सगळ्यात जास्त पैसा आणि विचार छतावर लावायला हवा, आणि छतासाठीचे शिक्के सगळ्यांत कमी माहीत असतात. आपल्याकडचा चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दुपारभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. केंद्राच्या 'इको निवास संहिता २०१८' ने छतातून शिरणाऱ्या उष्णतेला एक मर्यादा घातली आहे: दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे, जास्तीत जास्त १.२ वॉट. उघड्या स्लॅबचा हाच आकडा तीनाच्या वर जातो. संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी इमारतींसाठी आहे, छोट्या घराला ती लागू नाही. पण आकडा वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. साधा हिशेब केला तर स्लॅबवर एक इंच जाडीचा चांगल्या प्रतीचा एक्सपीएस फोम, त्यावर जलरोधक थर आणि फरशी एवढ्याने तो आकडा एकाच्या आसपास येतो. फोम विकणाऱ्याला 'ग्रीन आहे का' असे न विचारता 'उष्णतावाहकता किती' असे विचारावे. उत्तर ०.०३ ते ०.०४ च्या मधे आले आणि ते चाचणी अहवालावर असले तर पुढे बोलावे. फोमचा खर्च झेपत नसेल तर परावर्तक पांढरा रंग किंवा पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझॅक फरशी. या रंगांवर 'एसआरआय' नावाचा आकडा असतो: प्रमाणित काळ्या पृष्ठभागाला शून्य, पांढऱ्याला शंभर. नव्या रंगाचा आकडा शंभरच्या आसपास छापलेला असतो. धूळ बसल्यावर, तीन वर्षांनी तो किती उरतो हा आकडा मागावा, कारण परभणीच्या धुळीत नव्याचा आकडा फार टिकत नाही. दरवर्षी मार्चमध्ये गच्ची धुऊन हात फिरवायची तयारी असेल तर साधा चुनासुद्धा पुष्कळ काम करतो. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छतांचे स्वतंत्र धोरणच आणले. मराठवाड्याचे ऊन तेलंगणाहून सौम्य नाही, आणि आपल्याकडे अशा धोरणाची मागणी व्हायला हवी असे मला मनापासून वाटते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो की मानांकने ही पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतींची चैन आहे, पंतप्रधान आवास योजनेतल्या घरकुलाला त्याचे काय? मैदानी भागातले मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये, घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. एवढ्यात प्रमाणपत्राची फी कुठून येणार? फी भरायची गरज नाही, हेच उत्तर आहे. मानांकनांच्या पुस्तिकांत जे निकष आहेत त्यांतले बरेच फुकटचे आहेत: खिडक्या समोरासमोर, पश्चिमेला कमी खिडक्या-दारे, खिडकीवर पुरेसा छज्जा, जवळचा माल, राखेचे सिमेंट, पावसाचे पाणी खड्ड्यात किंवा बोअरजवळ जिरवणे. घरकुलावर पत्रा पडणार असेल तर त्याखाली बांबूच्या तट्ट्याचे किंवा साध्या फोमचे अस्तर आणि पत्र्याच्या वरच्या टोकाला गरम हवा निघून जायला फट, एवढ्याने माणूस आत दुपारी बसू शकतो. गरिबाच्या घरात वातानुकूलन यंत्र नसते, म्हणून निकषांची गरज त्यालाच अधिक आहे. नळांचेही तसेच. कमी पाण्यात काम करणारे नळ आणि शौचकूप यांसाठी २०२१ पासून भारतीय मानक १७६५० आहे. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात ही खूण पाहून घेतलेले नळ आणि शौचकूप टँकरच्या फेऱ्या कमी करतात. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो प्रदेश आपल्याला लागूनच आहे.

दुसरा आक्षेप अधिक भावनेचा आणि अधिक आदराचा आहे. आपल्या आजोबा-पणजोबांची माळवदाची घरे कोणत्याही शिक्क्याशिवाय उन्हाळ्यात थंड राहत होती, दगड-माती-लाकूड गावातलेच होते, मग ही नवी भाषा कशाला? उष्णतेच्या आणि कार्बनच्या प्रश्नाला माळवद खरोखरच चांगले उत्तर होते. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिवमधली हीच घरे कोसळली आणि आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर दरवर्षी वाढत गेलेला पांढऱ्या मातीचा थर, यांना बांधून ठेवणारे काहीच नव्हते. एका प्रश्नाचे उत्तम उत्तर दुसऱ्या प्रश्नावर प्राणघातक ठरू शकते. हाच न्याय आजच्या हिरव्या मालालाही लागू करावा: पर्यावरणाचे चिन्ह ताकदीची हमी देत नाही, ताकदीची खूण आयएसआयची आणि अभियंत्याच्या आराखड्याची. दोन्ही वेगवेगळ्या तपासायच्या. माळवदाकडून शिकायचे ते जाड, उष्णता रोखणाऱ्या छताचे तत्त्व, आणि ते हलक्या फोमनेही पाळता येते.

घर बांधणाऱ्यापेक्षा सदनिका घेणाऱ्याची स्थिती वेगळी असते, कारण त्याला माल दिसत नाही, फक्त फलक दिसतो. परभणीत महापालिका आल्यापासून, म्हणजे २०११ पासून, बहुमजली इमारती वाढत आहेत. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ग्रिहाचे तीन, चार, पाच तारे किंवा आयजीबीसीचे रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम मिळवणाऱ्या इमारतीला अनुक्रमे तीन, पाच आणि सात टक्के वाढीव चटई क्षेत्र मिळते. म्हणजे बिल्डरला मानांकनाचा थेट आर्थिक लाभ आहे. त्यात गैर काही नाही, पण त्यामुळे ग्राहकाने दोन गोष्टी विचारायलाच हव्यात. एक, मिळालेले आहे ते नकाशांवर दिलेले पूर्व-प्रमाणपत्र की इमारत पूर्ण झाल्यावर तपासून दिलेले अंतिम? फलकावर दोन्ही सारखीच दिसतात. दोन, किती गुण? ग्रिहात शंभरापैकी पंचवीस गुणांवर पहिला तारा मिळतो आणि पाचव्यासाठी शहाऐंशी लागतात. 'ग्रिहा मानांकित' एवढे लिहून तारे न सांगणारी जाहिरात बरेच लपवते. ग्रिहाचे मानांकन पाच वर्षांचे असते, त्यानंतर सोसायटीला नूतनीकरण करावे लागते, आणि सांडपाण्याचा प्रकल्प, सौर यंत्रणा चालवण्याचा खर्च देखभाल शुल्कातून जातो. तो आकडा करार करण्याआधी लेखी घ्यावा. जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे गुंतवले तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते, म्हणून माहितीपत्रक फेकून देऊ नये.

मालाच्या बाबतीतही आता कायद्याचा आधार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी पर्यावरणाच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. 'हरित', 'नैसर्गिक', 'शाश्वत' असे मोघम शब्द वापरायचे तर त्यामागे तपासता येईल असा पुरावा द्यायला हवा, आणि दावा मालाबद्दल आहे, वेष्टनाबद्दल आहे की कारखान्याबद्दल, हे स्पष्ट सांगायला हवे, अशी त्यांत तरतूद आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, आणि पन्नास लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. मात्र आयोगासमोर बोलतो तो कागद. आपल्याकडे बांधकामाचा निम्मा माल कच्च्या चिठ्ठीवर उचलला जातो, चिठ्ठीवर 'सिमेंट १०० गोण्या' एवढेच असते, आणि दोन वर्षांनी काही बिघडले तर कोणत्या कंपनीचा, कोणत्या आठवड्यातला माल होता हे दुकानदारालाही सांगता येत नाही. म्हणून जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, त्यावर मालाचे पूर्ण नाव आणि मानकाचा क्रमांक लिहून मागावा, पोत्यावरचा उत्पादनाचा आठवडा आणि परवाना क्रमांक फोनवर टिपून ठेवावा, आणि विक्रेत्याने जो हिरवा दावा तोंडी केला तो बिलाच्या मागे त्याच्या सही-शिक्क्यानिशी लिहून घ्यावा. लिहून द्यायला जो विक्रेता तयार होत नाही, त्याच्या दाव्यासाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नये.